आईच्या हातात होतं काय? विसाव्या शतकातल्या कथा-कादंबऱ्यांमधल्या मायलेकी

२०२५ मध्ये दिल्लीत झालेल्या ९८व्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्ष सांगलीच्या तारा भवाळकर होत्या आणि लगेच ९९व्या संमेलनाचा मान साताऱ्याला मिळाला. दोन्ही मान असे लागोपाठ दारात आल्यावर साहित्याचा विषय निघायला निमित्त लागत नाही. सांगली-सातारा भागात बायकांचे वाचनगट आधीपासून आहेत. पूर्वी तिथं नव्या पुस्तकांची चर्चा व्हायची, आता जुनी कपाटंही उघडली जात आहेत. आणि त्या जुन्या पुस्तकांबद्दल एक तक्रार सारखी कानावर येते: "यातल्या आया अशा कशा? जे आपण सोसलं तेच पोरीला सोसायला लावतात!"

कॉलेजातल्या मुलांची अडचण उलट्या बाजूची आहे. परीक्षेत 'मायलेकींच्या नात्याचे चित्रण स्पष्ट करा' असा प्रश्न येतो आणि गाईडात उत्तर असतं, 'आई ही मुलीची पहिली गुरू होय.' वाक्याला मार्क मिळतात, पण त्यातून कळत काहीच नाही. गुरू म्हणायचं तर ती शिकवते तरी काय, आणि शिकलेली मुलगी पुढं तिच्यावरच का चिडते?

माझं म्हणणं थोडक्यात असं. कादंबरीतली आई मुलीला घडवते ती उपदेशातून कमी आणि तिच्या स्वतःच्या हातात काय होतं, काय नव्हतं, यातून जास्त. दुसरं म्हणजे, गोष्ट कोण सांगतंय त्यावर ती आई आपल्याला दुष्ट वाटणार की दुबळी, की शहाणी, हे ठरतं. या दोन गोष्टी धरून वाचलं तर वरच्या तक्रारीचा बराचसा उलगडा होतो.

मराठीतली सगळ्यात प्रसिद्ध आई मुलाची आहे

'श्यामची आई' १९३५ साली पुस्तकरूपात आली. तिची थोरवी मी सांगायला नको. पण एक गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही: ही आई आपल्यापर्यंत येते ती मुलाच्या आठवणीतून. श्याम पोहायला भितो, लपून बसतो, तर ती त्याला मारत विहिरीवर पाठवते. अंघोळीनंतर पायाला माती लागू नये म्हणून तो हट्ट करतो, तेव्हा ती आपल्या लुगड्याचे ओचे धोंड्यावर पसरते आणि पायाइतकंच मनही स्वच्छ ठेवायला सांगते. मुलाच्या आईची शिकवण त्याला घराबाहेर ढकलते. पाण्यात उडी मार, जगात जा, पण नीतीनं राहा.

त्याच्या दोनच वर्षं आधी, १९३३ साली, 'कळ्यांचे निःश्वास' हा कथासंग्रह आला होता. लेखिकेचं नाव विभावरी शिरूरकर. हे टोपणनाव होतं आणि त्यामागे कोण आहे यावरून महाराष्ट्रात बराच गदारोळ झाला. पुढं कळलं की त्या बाळूताई खरे, म्हणजे नंतरच्या मालतीबाई बेडेकर. त्यांच्या कथांमधल्या मुली शिकलेल्या आहेत, काही कमावत्याही आहेत. घराला त्यांचा पगार हवा असतो, म्हणून लग्नाचा विषय पुढं ढकलला जातो; आणि लग्न होत नाही म्हणून घराला त्यांचं ओझंही वाटतं. अशा घरातली आई मुलीवर प्रेम करत नाही असं नाही. पण उडी मार म्हणायला तिच्यापुढं विहीरच नसते. ती सांगते जपून राहा, हळू बोल, लोक काय म्हणतील.

एकाच काळातल्या, एकाच थरातल्या या दोन आया. दोघींच्या स्वभावात फरक असेलही. मोठा फरक मात्र मुलाला आणि मुलीला बाहेर कोणती दारं उघडी होती, यात आहे.

'खाण तशी माती' म्हणून का भागत नाही?

आपल्याकडे याचं तयार उत्तर आहे: खाण तशी माती, आई तशी लेक. कादंबऱ्या मात्र या म्हणीला जुमानत नाहीत. त्यांच्यात आईसारखी होणारी मुलगी जेवढी सापडते, तेवढीच आईसारखं व्हायचं नाही म्हणून अख्खं आयुष्य उलट्या दिशेनं हाकणारीही सापडते. आणि दुसरीवरही आईचा ताबा पहिलीइतकाच असतो. आई डावीकडं गेली म्हणून उजवीकडं वळणाऱ्या मुलीचा रस्ता आईनंच ठरवलेला असतो.

सातबारा डोळ्यासमोर आणा. जमीन वारसाच्या नावावर चढते तेव्हा नुसती जमीन येत नाही. 'इतर अधिकार' या रकान्यात सोसायटीचा, बँकेचा बोजा असेल तर तोही मागोमाग येतो. वारस म्हणू शकत नाही की काळं रान माझं आणि कर्ज बापाचं. मुलीला आईकडून जे मिळतं ते असंच जोडीनं मिळतं. हाताची चव, शिवणातली सफाई, पैसा पुरवून वापरायची अक्कल ही जमीन. भीती, लाज, गप्प बसायची सवय आणि आईच्या न झालेल्या इच्छा हा बोजा. (जाता जाता: कित्येक जुन्या उताऱ्यांवर बहिणींची नावंही कर्जाच्याच रकान्यात, 'इतर' म्हणून, टाकलेली दिसतात. त्याकडे शेवटी येऊ.)

अभ्यासकांनी याची मांडणी केली ती सत्तरच्या दशकात, बहुतेक करून अमेरिकेत. कवयित्री एड्रिएन रिच यांनी १९७६ मध्ये लिहिलं की मुलींना खरी भीती आईची नसते, आपण आईसारख्याच होऊन बसू याची असते. नॅन्सी चोडोरो या समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९७८ मध्ये म्हटलं की मुलाला लहानपणीच 'तू आईपेक्षा वेगळा' असं कळत जातं. मुलीच्या बाबतीत ही रेघ पुसट राहते, म्हणून तिला आपलं 'मी' आईपासून सुटं करायला जास्त झगडावं लागतं. सिद्धांत म्हणून एवढं पुरे. यापुढं गोष्टींकडंच वळू, कारण गोष्टी सिद्धांतापेक्षा हुशार असतात.

आई पहारेकरी का होते?

हरिपूर सांगलीला लागूनच आहे. तिथले गोविंद बल्लाळ देवल यांचं 'संगीत शारदा' रंगभूमीवर आलं १८९९ साली, म्हणजे विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर. पैशासाठी कोवळ्या शारदेचं लग्न म्हाताऱ्या भुजंगनाथाशी ठरवणारा तिचा बाप कांचनभट. आईला, इंदिराकाकूला, हे पटत नाही. ती बोलते, रडते, भांडते. पण ठरवणारी ती नाहीच. नाटकात आईचं म्हणणं बरोबर आहे हे प्रेक्षकाला पहिल्यापासून कळतं आणि त्याचा उपयोग शून्य आहे हेही कळतं.

आता हीच आई वीस-तीस वर्षं पुढं आणा. बोलून उपयोग नाही हे ती शिकली आहे. मग तिच्या हातात उरतं काय? मुलीला आधीच वाकवून ठेवणं, म्हणजे पुढं मोडायची वेळ येणार नाही. या आईला मुलगी 'जेलर' म्हणते. तुरुंग तिनं बांधलेला नसतो आणि चावीही तिच्याकडं नसते. तिच्याकडं असते ती फक्त दारावरची ड्युटी.

ही ड्युटी सगळ्यात नेमकी दाखवली आहे ती सांगली-साताऱ्यापासून हजारो मैल दूर, कॅरिबियन समुद्रातल्या अँटिग्वा बेटावर वाढलेल्या जमैका किंकेड यांनी. १९७८ साली आलेली त्यांची 'गर्ल' ही कथा दोन-तीन पानांची आहे आणि ती सगळी मिळून एकच वाक्य आहे. आई बोलत सुटली आहे. पांढरे कपडे सोमवारी धू, रंगीत मंगळवारी. उन्हात उघड्या डोक्यानं हिंडू नको. गुंडी अशी लावायची. बापाचा खाकी शर्ट अशी इस्त्री करायची. रविवारी बाईसारखी चाल, ज्या तसल्या बाईच्या वाटेला तू लागली आहेस तिच्यासारखी नको. मुलगी सगळ्या कथेत दोनदाच तोंड उघडते.

पहिल्यांदा वाचताना ही आई नकोशी वाटते. मग लक्षात येतं की त्या यादीत दुसऱ्याही काही गोष्टी हळूच घुसल्या आहेत. नको असलेलं पोट पाडायचं औषध कसं करायचं. मासा कसा धरायचा. हातातोंडाची गाठ कशी घालायची. पुरुषावर प्रेम कसं करायचं, आणि ते जमलं नाही तर काय करायचं. वाटलंच तर आकाशाकडं तोंड करून कसं थुंकायचं आणि ते अंगावर पडायच्या आत कसं सरकायचं. पहारा देता देता आईनं पोरीच्या हातात पळून जायची हत्यारंही दिली आहेत. शेवटी मुलगी विचारते, पाववाल्यानं पावाला हात लावू दिला नाही तर? आई चिडते: एवढं सगळं सांगून तू तसलीच बाई होणार, जिला पाववाला पावाला हात लावू देत नाही? इतकं शिकवूनही मुलीला गावात मान मिळेल याची खात्री आईला नाही, हे त्या चिडण्यात आहे.

आपल्या आज्यांची बोलणी आठवून बघा. 'पाय मोकळे सोडून बसू नको' आणि 'चार पैसे नवऱ्याला न सांगता बाजूला ठेव' ही दोन्ही वाक्यं एकाच तोंडातून यायची.

कापड बेतणारी आई

इस्मत चुगताई (१९१५–१९९१) यांची उर्दूतली 'चौथी का जोडा' ही कथा मी या सगळ्या विषयातली पहिल्या नंबरची मानते. चौथी म्हणजे लग्नानंतरचा चौथा दिवस, आणि जोडा म्हणजे त्या दिवशी नवरीनं घालायचा पोशाख. कुब्राची आई विधवा आहे, गरीब आहे, आणि कापड बेतण्यात मोहल्ल्यात तिचा हात धरणारं कुणी नाही. दुसऱ्या बायकांना जिथं कापड कमी पडतं तिथं त्या तिच्याकडं येतात. ती कापड उभं बघते, आडवं बघते, मनातल्या मनात घड्या घालते, आणि कात्री चालवली की त्याच तुकड्यात सगळं बसतं.

मुलीचं लग्न मात्र तिला बेतता येत नाही. नात्यातला राहत नावाचा मुलगा पोलीस ट्रेनिंगसाठी येऊन त्यांच्याकडं राहतो. घरात आशा जागी होते. त्याच्या पाहुणचारासाठी एकेक दागिना विकला जातो. घरातली माणसं कोरडं खातात आणि त्याला परोठे जातात. कुब्रा पडद्याआड राबते. आई तिला पुढं जा असंही म्हणू शकत नाही आणि गप्प बस असंही म्हणू शकत नाही. धाकट्या हमीदाला पुढं केलं जातं आणि त्याची किंमत हमीदा मोजते. राहत खाऊनपिऊन निघून जातो. त्याचं लग्न दुसरीकडं ठरलेलं असतं. कुब्राला क्षय झालेला असतोच. शेवटी आई पुन्हा त्याच जागी बसते, पांढरं कापड पसरते, मापं घेते. त्या दिवशी तिचा हात शांत असतो, कारण हा जोडा तरी वापरात येणार याची तिला खात्री असते.

या आईनं काय चुकवलं? वाचनगटात हा प्रश्न टाकला की दोन तट पडतात. काहीजणी म्हणतात, तिनं मुलीला शिवण शिकवून कमावती करायला हवं होतं. मला हे म्हणणं जरा सोपं वाटतं. शिवण तिला स्वतःलाही येत होतं. त्यावर घर कसंबसं चालत होतं. तिच्या जगात मुलीच्या आयुष्याचं एकच नाणं चालतं, लग्न, आणि ते पाडायची टाकसाळ तिच्याकडं नाही. चुगताई आईला माफही करत नाहीत आणि दोषही देत नाहीत. तिचे हात दाखवतात, बस्स.

आणि आईनं बंडच केलं तर?

मग सगळं सुटतं का? आशापूर्णा देवींच्या बंगाली त्रिधारेत याचं उत्तर आहे. 'प्रथम प्रतिश्रुती' (१९६४), 'सुवर्णलता' (१९६७) आणि 'बकुलकथा' (१९७४). आई, मुलगी, नात अशा तीन पिढ्या आणि तीन कादंबऱ्या. पहिलीसाठी १९७६ चं ज्ञानपीठ मिळालं आणि ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या लेखिका. स्वतः आशापूर्णा कधी शाळेत गेल्या नव्हत्या, पण त्यांच्या आईला वाचनाचं वेड होतं आणि घरात येणाऱ्या पुस्तकांवर त्या वाढल्या.

सत्यवती ही बंडखोर आई. मुलगी सुवर्ण शिकली पाहिजे हा तिचा ध्यास. तिच्या पाठीमागं सासू नऊ वर्षांच्या सुवर्णचं लग्न लावून टाकते आणि नवराही त्यात सामील असतो. सत्यवतीला कळतं तेव्हा सगळं उरकलेलं असतं. ती आल्या पावली घर सोडते, कायमचं. पहिली कादंबरी इथं संपते आणि वाचकाला टाळ्या वाजवाव्याशा वाटतात.

त्या टाळ्या दुसऱ्या कादंबरीत विरतात. घर सोडून गेलेल्या बाईची मुलगी म्हणून सुवर्णलता सासरी टोमणे खात जगते. तिला आईचा करारीपणा मिळालेला आहे, पण तो वापरायला जागा नाही. नव्या घराला रस्त्याच्या बाजूला एक व्हरांडा असावा एवढी तिची हौस. घर बांधलं जातं तेव्हा तो व्हरांडा नसतोच. ती चोरून लिहिते, पुस्तक छापलं जातं, पण ते इतकं अशुद्ध निघतं की घरातलीच पोरं हसतात आणि ती ते जाळून टाकते. लिहायचं ते तिच्या मुलीला, बकुळला, जमतं. पण बकुळ लग्न न करता राहते, आणि आजीनं जे मागितलं होतं ते स्वातंत्र्य पुढच्या पोरी कसं वापरतात हे बघताना तिला फार आनंद होतोच असं नाही.

इथं मला बहिणाबाई चौधरींची ओळ आठवल्याशिवाय राहत नाही: 'लेकीच्या माहेरासाठी माय सासरी नांदते.' कादंबरी नाही, कविता आहे, पण या विषयावर एवढ्या कमी शब्दांत कुणीच बोललेलं नाही. आई सोसते ती नवऱ्यासाठी किंवा देवासाठी नव्हे; ती निघून गेली तर मुलीला यायला घरच उरणार नाही म्हणून. सत्यवतीनं हा करार मोडला. तत्त्वानं ती बरोबर होती आणि त्याचं बिल सुवर्णच्या नावावर फाटलं.

या मुद्द्यावर एका गटात झालेला संवाद असा होता.

"बरोबरच केलं तिनं," एक काकू म्हणाल्या. "कवापातूर सोसायचं?"

"काकू, पण पोरीचं काय झालं ते बघा की."

"आगं, ऱ्हाऊन तरी काय करणार हुती? लगीन झालंच हुतं न्हवं?"

"निदान दिवाळीला यायला दार तरी असतं."

यावर काकू गप्प झाल्या नाहीत. म्हणाल्या, "दार उघडं ठिवून पोरीला दावणार काय, तर आपलंच रडगाणं." दोघींचंही खरं आहे. आशापूर्णांनी म्हणूनच तीन कादंबऱ्या लिहिल्या असाव्यात. एकीत हे मावत नाही.

"पण सगळं आईवरच का? बाप कुठं गेला?"

हा आक्षेप रास्त आहे. शारदेच्या गोष्टीत निर्णय बापाचा होता आणि सुवर्णच्या लग्नालाही बापाची मूक संमती होती. विजय तेंडुलकरांच्या 'कन्यादान' (१९८३) नाटकात तर हे फार टोकदार झालं आहे. समाजवादी विचारांचे नाथ मुलीच्या आंतरजातीय लग्नाकडं आपल्या तत्त्वांची परीक्षा म्हणून बघतात. आई सेवा ही सामाजिक काम करणारी बाई, पण तिला त्या मुलाच्या वागण्यात धोका दिसतो. ती बोलते आणि नाथ तिलाच संकुचित ठरवतात. पुढं मुलीच्या अंगावर मार येतो आणि शेवटी मुलीचा संताप फुटतो तो बापावर. या नाटकातल्या दलित तरुणाच्या चित्रणावर वाद झाला, तो व्हायलाच हवा होता. आपल्या विषयापुरतं बघायचं तर सावध करणारी आई नेहमीच मागासलेली नसते आणि पुढारलेला बाप नेहमीच मोकळं करत नाही.

मग मुलींचा राग आईवरच जास्त का? कारण आई जवळ असते. नियम केले कुणी हे मुलीला दिसत नाही. नियम सांगणारं तोंड रोज दिसतं.

"हे सगळं पांढरपेशा घरांतलं झालं"

बऱ्याच अंशी होय. घराच्या आत कोंडलेली आई आणि कोंडलेली मुलगी हे चित्र ज्या घरांना दार होतं त्यांचं आहे. वाळवा तालुक्यातल्या वाटेगावात जन्मलेल्या अण्णा भाऊ साठ्यांच्या कादंबऱ्या उघडल्या की बायका रानात, रस्त्यावर, तमाशाच्या फडात दिसतात. तिथं 'लोक काय म्हणतील' यापेक्षा आज चूल पेटणार का आणि गावातला दांडगा पोरीवर हात टाकणार का, हे आईपुढचे प्रश्न आहेत. 'वैजयंता' ही तमाशातल्या बाईची कादंबरी वाचताना जाणवतं की इथं मुलीला जपणं याचा अर्थच निराळा आहे.

याचं सगळ्यात भयंकर टोक अमेरिकेतल्या टोनी मॉरिसन यांच्या 'बिलव्हेड' (१९८७) मध्ये आहे. गुलामगिरीतून पळालेली सेथी, पकडायला माणसं आल्यावर, आपल्या लहानग्या मुलीला स्वतः मारते, ती गुलामीत जाऊ नये म्हणून. कादंबरीमागं १८५६ ची खरी घटना आहे, मार्गारेट गार्नर नावाच्या बाईची. आईच्या हातात काहीच उरलं नाही तर प्रेम कुठवर जाऊ शकतं, याचं हे उत्तर वाचवत नाही. पण त्यानंतर कुठल्याही कादंबरीतल्या आईला 'अशी कशी' म्हणताना जीभ अडखळते.

"परदेशी सिद्धांत आमच्या घरांना लागू होतो का?"

जसाच्या तसा नाही. त्या अभ्यासकांच्या डोळ्यासमोर आई, बाप, दोन पोरं असं घर होतं. आपल्या गोष्टींतल्या वाड्यात आजी, आत्या, काकू, विधवा मावशी, थोरली जाऊ अशी डझनभर माणसं. मुलीला घडवणारी 'आई' या सगळ्यांत वाटली गेलेली असते. पुष्कळदा कठोरपणा आजीकडं, माया आत्याकडं, आणि खरी आई मधल्या मध्ये चेपलेली. सुवर्णचं लग्न लावलं ते आजीनं, हे विसरून चालणार नाही. एकट्या आईचा हिशेब मांडला की आपल्याकडचं गणित चुकतं.

आई स्वतः बोलायला लागते तेव्हा

आतापर्यंतच्या बहुतेक गोष्टी मुलीच्या बाजूनं आहेत, किंवा लेखिका मुलीच्या खांद्यावर हात ठेवून बघते आहे. साहित्याच्या अभ्यासक मॅरिआन हिर्श यांनी १९८९ मध्ये याच मुद्द्यावर पुस्तक लिहिलं. एकोणिसाव्या शतकातल्या कादंबरीत नायिकेची आई बहुतेक मेलेली किंवा निकामी असते, कारण ती बाजूला झाल्याशिवाय मुलीची गोष्ट सुरूच होत नाही. विसाव्या शतकात आई जिवंत राहते, पण बोलते मुलगीच. आईला स्वतःचा आवाज मिळतो तो शतक संपता संपता.

हिंदीत कृष्णा सोबतींनी दोन्ही करून दाखवलं. 'मित्रो मरजानी'तली मित्रो ही उघड बोलणारी, शरीराची भूक न लपवणारी सून. तिची आई धंदा करणारी बाई. म्हणजे खाण तशी माती, असं सासरचे म्हणणारच. पण शेवटी माहेरी गेलेली मित्रो म्हातारपणी रिकाम्या घरात एकट्या पडलेल्या आईला बघते, हादरते आणि नवऱ्याकडं परत फिरते. काहींना हा शेवट माघार वाटतो. मला वाटतं, आईच्या आयुष्याचा हिशेब तिनं एका नजरेत वाचला.

आणि १९९१ ची 'ऐ लडकी'. मरणाच्या दारातली आई अंथरुणावरून बोलते आहे, शेजारी लग्न न केलेली, स्वतःच्या पायावर उभी असलेली मुलगी आहे. आई तिला चिडवते, टोचते, बाळंतपणाच्या सुखाबद्दल सांगते, संसारात आपण स्वतः कुठं हरवलो तेही सांगते. तू एकटी राहिलीस हे बरं नाही म्हणते आणि तू मोकळी राहिलीस याचा हेवाही करते, कधी कधी एकाच दमात. खऱ्या आया अशाच बोलतात. समीक्षेत जे 'गुंतागुंतीचं नातं' म्हणून येतं ते इथं ऐकू येतं.

मराठीत ही वाट गौरी देशपांड्यांनी मोकळी केली. त्या इरावती कर्व्यांची मुलगी. सातारा जिल्ह्यात फलटणजवळच्या विंचुर्णीत त्या राहिल्या, हे इकडच्या अनेकांना ठाऊकही नसतं. त्यांच्या नायिका पोरंबाळं असलेल्या असूनही 'मला काय हवं' हा प्रश्न मोठ्यानं विचारतात, आणि त्याबद्दल अपराधी वाटून घ्यायचं की नाही हेही स्वतःच ठरवतात. सांगलीत जन्मलेल्या सानियांच्या कथांत आवाज आणखी खाली येतो: मोठ्या झालेल्या मुली आईकडं एक स्वतंत्र बाई म्हणून बघायला लागतात. त्या कथांत भांडणं कमी आणि अंतर जास्त आहे. मला स्वतःला गौरीबाईंचा तिखटपणा जवळचा वाटतो, पण सानिया वाचल्यावर आईला फोन करावासा वाटतो हेही खरं.

"आता काय त्याचं? मुली शिकल्या, कमावत्या झाल्या"

झाल्या. कायदाही बदलला. १९९४ मध्ये महाराष्ट्रानं आणि २००५ मध्ये केंद्रानं मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाबरोबरीचा वाटा दिला. तरी दस्त नोंदवायच्या दुय्यम निबंधक कार्यालयाबाहेर जाऊन उभं राहा. भावाच्या नावे हक्कसोड करून द्यायला आलेल्या बहिणी दिसतील, आणि त्यांच्या सोबत बहुतेक वेळा आई असते. "भावाशी वाकडं नको गं, उद्या माहेर राहायला पाहिजे," हे सांगणारी तीच. बहिणाबाईंच्या ओळीतला करार इथं स्टँप पेपरवर उतरतो. ही आई लोभी नाही आणि अडाणीही नाही. शेवटची वर्षं कुणाच्या घरात काढायची आहेत ते तिला माहीत आहे.

हा प्रसंग, त्या कार्यालयाच्या बाकावर बसलेल्या मायलेकींचा, मराठी कादंबरीत पुरेशा ताकदीनं आलेला माझ्या तरी वाचनात नाही. कुणी लिहीत असेल तर वाट बघते आहे.

तोवर ज्यांना सुरुवात करायची आहे त्यांनी आधी चुगताईंची कथा घ्यावी, ती एका बैठकीत होते. मग 'ऐ लडकी'. हिंदी सोपं नाही, पण मोठ्यानं वाचलं की लागतं. आशापूर्णा सुट्टीत घ्याव्यात, आणि तिन्ही कादंबऱ्या क्रमानंच. मधली आधी वाचली तर सत्यवतीवर उगाच राग येतो.